उत्तरेकडचं ऊन

मेलबर्नमध्ये घर बघायला लागलं की जाहिरातींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: बैठकीची खोली उत्तरेला. ती मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि घराच्या किमतीतही धरलेली असते. घर घेताना पूर्वेचा दरवाजा, पश्चिमेचा वारा हे सगळं आम्ही पुण्यात ऐकलं होतं. ऊन हवं म्हणून उत्तर मागणारं शहर मात्र पहिल्यांदाच पाहत होतो. कारण सरळ आहे. हे शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ ३८ अंशांवर आहे. सूर्य इथेही पूर्वेलाच उगवतो आणि पश्चिमेलाच मावळतो, पण मधली वाट तो उत्तरेच्या आकाशातून काढतो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं तर तो उजवीकडून डावीकडे सरकतो. दुपारची सावली बाराही महिने दक्षिणेला पडते.

आमचं पहिलं भाड्याचं घर दक्षिणेकडे तोंड करून होतं. मेलबर्नच्या जुन्या घरांच्या भिंती पातळ, खिडक्यांना एकच काच. जुलैत बाहेरच्यापेक्षा घरात जास्त थंडी वाजायची. नवरा म्हणायचा, ऊन कुठे येतं ते बघून खाट सरकवू, आणि ऊन फक्त मागच्या न्हाणीघरात यायचं. भाड्याचं घर मिळवणं हीच तेव्हा मोठी लढाई होती. शनिवारी पंधरा मिनिटांसाठी घर उघडतात, वीस-पंचवीस कुटुंबं रांगेने बघून जातात, आणि अर्जाला आधीच्या घरमालकाचं पत्र जोडावं लागतं. देशात नुकत्याच आलेल्या माणसाकडे ते पत्र कुठून असणार?

पण कागदपत्रं जमतात. नोकरी लागते, बँकेचं खातं उघडतं, मुलं शाळेत रुळतात, ट्रॅमचा नंबर पाठ होतो. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे आणि ते उपयोगाचंही आहे. मला लिहायचंय ते त्याहून फार सावकाश होणाऱ्या गोष्टीबद्दल. अंगात मुरलेलं वर्ष असतं ना, कुठल्या महिन्यात हवेला कसला वास येतो, कधी गोधडी काढायची, कधी लोणचं घालायचं हे न सांगता कळणारं, ते वर्ष इथे येऊन पूर्ण उलटं झालं. आणि ते सरळ करता येत नाही. नवं वर्ष अंगात मुरू द्यावं लागतं.

माझे वडील, आबा, कोरेगाव तालुक्यात शेती करतात. शाळा सातवीपर्यंत झाली, पण नक्षत्रं तोंडपाठ. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. प्रत्येकाचा पाऊस वेगळा, प्रत्येकाचं पंचांगातलं वाहन वेगळं, आणि वाहनावरून पाऊस कसा पडेल याचे अंदाज वेगळे. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन यायचा.

"मृग निघाला गं. ढग भरून आलेत. तुमच्याकडं?"

"आमच्याकडे डोंगरावर बर्फ पडलाय, आबा."

हे खरंच तसं आहे. जूनच्या दुसऱ्या सोमवारी इथे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते आणि त्याच शनिवार-रविवारला व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याच्या, डोंगरांवरचा स्कीइंगचा हंगाम सुरू होतो. तिकडे पहिल्या पावसाने माती वास सोडते तेव्हा आमच्या गाडीच्या काचेवरचं हिमकण सकाळी खरवडून काढावं लागतं. आणखी एक गोष्ट मला चक्रावून गेली. मेलबर्नचा वर्षाचा पाऊस सुमारे ६५० मिलिमीटर, पुण्याचा त्याच्या थोडाच वर. पण पुण्याचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथला पाऊस बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून येतो, दहा मिनिटं पडतो, ऊन पडतं, पुन्हा भुरभुर. पाऊस येणार म्हणून कुणी वाट बघत नाही. मला पहिली काही वर्षं सगळ्यात जास्त काही आठवलं असेल तर ते वाट बघणं.

आई-आबा पहिल्यांदा इथे आले ते जानेवारीत. दुसऱ्याच आठवड्यात पारा चाळिशीपार गेला. आबांना उन्हाचं काही वाटलं नाही, त्यांना वाटलं ते वाऱ्याचं. उत्तरेचा वारा म्हणजे थंड, हे त्यांच्या हाडात बसलेलं. इथे उत्तरेचा वारा वाळवंटावरून येतो, भट्टीचं दार उघडल्यासारखा. तशा दिवशी सरकार उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी जाहीर करतं, कारण एका ठिणगीने हजारो एकर रान पेटू शकतं. ७ फेब्रुवारी २००९च्या वणव्यांत याच राज्यात १७३ माणसं गेली. इथले लोक तो शनिवार अजून विसरलेले नाहीत. संध्याकाळी दक्षिणेचा वारा आला आणि बघता बघता हवा पंधरा अंशांनी उतरली. आबा अंगणात उभे राहून वाऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "दक्षिण थंड, उत्तर गरम. बरं. हे ध्यानात ठेवायला पायजे."

तेव्हापासून ते कामालाच लागले. अंगणात काठी रोवून दुपारच्या सावलीचं टोक खडूने आखायचे. रात्री जेवणं झाली की नातवंडांना घेऊन बाहेर. पहिल्या रात्री त्यांनी ध्रुव शोधला. मिळणार नव्हताच. विषुववृत्ताच्या खाली उतरलं की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो. सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधतीही मेलबर्नहून वर येत नाही. आमच्या लग्नात भटजींनी बोट दाखवून नमस्कार करायला लावलेले दोन्ही तारे इथून दिसत नाहीत, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

मृग मात्र होता. उलटा. आपल्याकडे व्याध मृगाच्या खाली डावीकडे असतो, इथे तो वर उजवीकडे. हरणाच्या पोटात घुसलेला बाण, म्हणजे ते एका रेषेतले तीन तारे, तसेच होते, पण हरीण डोकं खाली करून लोंबकळलेलं. धाकटा म्हणाला, "आबा, ते सॉसपॅन आहे." इथल्या मुलांना ते तीन तारे आणि त्यांच्याजवळचे छोटे तारे मिळून दांड्याचं पातेलं दिसतं. आबांनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "व्हय रे. इथनं पातेलंच दिसतंय." मला त्या क्षणी वडिलांचा फार अभिमान वाटला. सत्तरी ओलांडलेला माणूस आयुष्यभर पाहिलेला मृग नातवाच्या डोळ्यांनी पाहायला तयार होता.

मग त्यांनी जवळजवळ डोक्यावर असलेला एक ठळक तारा दाखवला आणि विचारलं, हा कोण? फोनवर बघून सांगितलं: अगस्ती. आबांना पटेना. कोरेगावहून अगस्ती दिसतो, पण थंडीचे काही महिनेच, आणि तेही दक्षिणेला अगदी खाली, समोरच्या टेकडीच्या डोक्यावर जेमतेम हात-दीड हात. इथे तो रात्रीच्या आकाशाचा मालक असल्यासारखा. मेलबर्नहून तो जवळजवळ मावळतच नाही. खाली येऊन क्षितिजाला टेकतो आणि पुन्हा वर यायला लागतो.

अगस्तीची गोष्ट आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. विंध्य वाढत चालला होता, अगस्ती दक्षिणेला निघाला, विंध्याने वाकून नमस्कार केला, आणि अगस्ती म्हणाला, मी परत येईपर्यंत असाच रहा. आबांनी ती नातवंडांना सांगितली. थोरलीने विचारलं, मग तो परत कधी आला? आबा म्हणाले, "नाही आला." मुलं आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही येणार का?"

हा प्रश्न आई फोनवर आडून विचारायची. सासूबाई रडून विचारायच्या. आबांनी सरळ विचारला, म्हणून मला सरळ उत्तर देता आलं. "येऊन-जाऊन राहू आबा. राहायला नाही. पोरं इथली झालीत."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. पर मग अर्धं मन ठेवून राहू नका. जिथं चूल मांडली तिथलं ऊनपाणी ठावं पायजे. इथं कडाक्याची थंडी कधी सुटते? काय कधी पेरतात?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना, आणि त्यांचे ते प्रश्न पुढची काही वर्षं माझ्या मागे लागले.

आपले सण मुळात ऊन-पावसाला बांधलेले आहेत हे इथे आलं की हाताला लागतं. संक्रांतीला तीळ आणि गूळ, कारण तेव्हा महाराष्ट्रात थंडी असते आणि अंगाला उष्णता हवी. इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते, सुट्ट्यांमध्ये, शेगडीसमोर उभं राहवत नाही अशा दिवसात. उत्तरायणाचा अर्थही फिरतो: सूर्य उत्तरेकडे सरकला की तिकडे दिवस मोठा होतो, इकडे लहान. दिवाळीचं अभ्यंग थंडी सुरू होताना कातडी तडकू नये म्हणून तेल-उटण्याचं, तर इथे थंडी संपून वसंत आलेला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला सूर्य मावळेपर्यंत आठ वाजत येतात आणि पणत्या उठून दिसायला साडेआठ. उन्हाळ्यातली संकष्टी तर कसोटीच. चंद्रोदयाला रात्रीचे दहा वाजून जातात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली वेळ मुंबईची, ती इथे चालत नाही.

आमच्या मंडळात यावर एकदा खडाजंगी झाली. एक जण म्हणाले, सण सहा महिने पुढे सरकवू या, संक्रांत जुलैत करू, ते शास्त्राला धरून होईल. विचार चुकीचा नव्हता. तरीही मी त्याच्या विरोधात बोलले, आणि आजही माझं तेच मत आहे. सणाचा दिवस ही आपली एकमेकांत ठरलेली वेळ आहे. ज्या दिवशी माझी आई कोरेगावात गुळाची पोळी लाटते त्याच दिवशी मी इथे लाटते, आणि आम्ही दोघी फोनवर एकमेकींच्या पोळीला नावं ठेवतो. तो धागा तोडून मिळवलेला शास्त्रशुद्ध सण मला नको. पण त्या काकांचं अर्धं म्हणणं मी घरी आणलं. जुलैत, कडाक्याच्या थंडीत, आमच्या घरी पुन्हा गुळाच्या पोळ्या होतात. सण नाही, पूजा नाही, नुसत्या पोळ्या, वर तुपाचा गोळा, मुलांच्या डब्यात. शरीराला तेव्हा खरंच त्या हव्या असतात.

आणि मग हळूहळू उलटही दिसायला लागलं. काही सण इथे जास्त जुळतात.

नवरात्रातले घट घ्या. मातीत धान्य पेरायचं, नऊ दिवस पाणी घालायचं, अंकुर बघायचे. इथे तेव्हा नेमका वसंत असतो, सगळं शहर बागेत गुडघे टेकून काहीतरी पेरत असतं. माझ्या घटातले गव्हाचे अंकुर इतके जोमाने येतात की आईला फोटो खोटा वाटला. दिवाळीच्या किल्ल्यावर टाकलेले आळीव चार दिवसांत हिरवेगार होतात. फटाके नाहीत, कारण व्हिक्टोरियात घरगुती फटाक्यांना बंदीच आहे, पण किल्ला इथे असा सजतो की शेजारची ग्रीक आजी रोज येऊन बघून जाते. १९५०-६०च्या दशकांत ग्रीसहून आलेल्यांच्या लाटेतली ती. तिच्या परसात लिंबू, अंजीर, ऑलिव्ह आहे, आणि आपलं ईस्टर इथे शरदात येतं याची तिला अजून रुखरुख आहे. कोवळी रानभाजी आणि रानफुलं यांच्याशिवाय ईस्टर कसलं, असं ती म्हणते. साठ वर्षं झाली तरी! तिच्याशी बोलल्यावर मला फार हलकं वाटलं.

गणपतीला काय मिळतं हेही आता ठाऊक झालंय. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात इथे वॉटल फुलतो. बाभळीच्याच कुळातला, पिवळ्या गोंड्यांनी झाड दिसेनासं होतं. सोनेरी वॉटल हे या देशाचं राष्ट्रीय फूल, आणि १ सप्टेंबर हा त्याचा दिवस. आमच्या मखराला झेंडूऐवजी वॉटल असतो, तो परसातलाच. आणि दुर्वा? त्या दुकानातून आणायला लागत नाहीत. इथल्या हिरवळींमध्ये जिला 'कूच' म्हणतात ती आपली दुर्वाच. बागकाम करणारे तिला वैतागलेले असतात, कारण ती फरशीच्या फटीतूनही वर येते. थंडीत ती वाळून पिवळी पडते, पण गणपतीच्या सुमारास उन्हाच्या बाजूच्या भिंतीकडेला नवे तीनपानी कोंब फुटायला लागतात. एकवीस जुड्या करायला धाकट्याला अर्धी सकाळ लागते. जूनमधल्या वटपौर्णिमेला गावातल्या बागेत मोरेटन बे फिग नावाचं अजस्र झाड सापडलं, वडाच्याच जातकुळीचं. मी त्याला फेऱ्या मारत नाही, माझा त्या व्रतावर विश्वास नाही. पण त्या दिवशी डबा घेऊन त्याच्याखाली जाऊन बसते, कोट-टोपी घालून.

ही माहिती मला कुणी दिली असेल तर सर्वांत जास्त माझ्या मुलीने. तिच्या शाळेत आठवड्याची सभा सुरू होण्याआधी, ही जमीन मूळची वुरुंजेरी लोकांची आहे असं म्हटलं जातं. आधी मला ते नुसतं उपचाराचं वाक्य वाटत होतं. मग तिने शाळेतून एक गोल कागद आणला. कुलिन लोक, ज्यांत वुरुंजेरी येतात, इथलं वर्ष चारऐवजी सात ऋतूंत मोजतात. जानेवारी-फेब्रुवारी कोरडा बिडेरॅप. मार्चमध्ये इयुक, वाम माशांचा ऋतू, तेव्हा पोसलेल्या वामी नदीतून समुद्राकडे निघतात. एप्रिल ते जुलै वॉरिंग, वॉम्बॅट बिळाबाहेर येऊन ऊन खातात. ऑगस्टात गुलिंग, ऑर्किड फुलतात. सप्टेंबर-ऑक्टोबर पूर्नीट, डबक्यांत बेडकांची पिल्लं. नोव्हेंबरात गवत फुलतं तो बुआथ गुरू, आणि डिसेंबरात गारावांग. शिवाय दोन ऋतू दरवर्षी न येणारे: आगीचा आणि पुराचा.

मी तो कागद हातात घेऊन बसले. चार ऋतू हे इंग्रजांनी बोटीतून आणलेलं मोजमाप. त्याआधी हजारो वर्षं याच नदीकाठी लोक आपल्यासारखं, बेडूक, मासा, फूल, वारा बघून वर्ष मोजत होते. त्यांच्याकडून ती जमीन हिसकावून घेतली गेली, आणि आज आम्ही कर्ज काढून तिचा एक तुकडा विकत घेतो. हे मुलांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांतही ते केवळ मंत्री आले म्हणून म्हटलं जाऊ नये. आपण इथे आलेलो आहोत. आधी कोण होतं हे विचारणं ही साधी रीत आहे.

मी तो कागद आबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी तो कुणाकडून तरी मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि पुढचा फोन थोरलीलाच केला. "वामी सुटल्या का गं?" एप्रिल लागला की ते विचारतात, "वॉम्बॅट दिसला का?" ती त्यांना सांगते, "आबा, ते जंगलात असतात, आमच्या घरी नाही." पण शाळेच्या सहलीत दिसला तेव्हा पहिला फोन त्यांनाच गेला.

आमची मे महिन्याची सुट्टी आता डिसेंबरात असते. शाळा संपते, पेटीने आंबे येतात. क्वीन्सलंडमधल्या बोवेन गावाच्या नावाने ओळखला जाणारा केन्सिंग्टन प्राइड, केशरी-पिवळा, हापूसपेक्षा पातळ रसाचा, आंबटसर झाकेचा. त्याचं मूळ भारतातलं असावं असं मानतात. एकोणिसाव्या शतकात इथून इंग्रजांच्या फौजेसाठी भारतात घोडे जायचे, न्यू साउथ वेल्सवरून त्यांचं नावच वेलर पडलं होतं, आणि त्या घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी येताना आंबा आणला असं सांगतात. आबांनी हे ऐकलं आणि एकदम म्हणाले, "वेलर? आमच्या आज्याच्या तोंडी हुता की हा वेलर. पलटणीत होता त्यो." म्हणजे आमच्या घरातला कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी इथल्या घोड्याला खरारा करत होता. मुलं त्या दिवशी आंबे खाताना घोड्यांबद्दलच बोलत होती.

मेमध्ये भावाची मुलं कोरेगावहून फोनवर हापूस दाखवून आमच्या पोरांना चिडवतात. डिसेंबरात आमची पोरं सूड उगवतात. थोरलीला विचारलं, आंबा म्हटलं की काय आठवतं, तर ती म्हणाली, ख्रिसमस, समुद्र, आणि टेनिसचा आवाज. मला जे आठवतं ते यातलं काहीच नाही: माडीवरची अढी, पोत्याखालची ऊब, आजीने वास घेऊन निवडलेला फळांचा ढीग. पण तिच्या चेहऱ्यावर आंब्याचं नाव काढल्यावर जे आलं ते मी ओळखलं. ते माझ्याही चेहऱ्यावर यायचं.

यंदा आम्ही उत्तरेला खिडक्या असलेलं छोटं घर घेतलं. मागे हातभर वाफा आहे. आबांना सांगितलं तर पहिला प्रश्न, माती कसली. चिकण, काळसर, उन्हाळ्यात भेगा पडतात. "मग ओळखीचीच की." दुसरा प्रश्न, टोमॅटोची रोपं कधी लावतात?

"नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, आबा. त्या दिवशी इथे घोड्यांची मोठी शर्यत असते, शहराला सुट्टी असते. तोवर थंडी सुटत नाही, आधी लावली तर रोपं बसतात, असं इथले जुने लोक सांगतात."

"शर्यतीच्या दिवशी."

"हो."

"मग या खेपेला जानेवारीचं काढू नको तिकीट. ऑक्टोबरअखेरचं बघ. वाफा मी करतो."